एकशे बहात्तर

होम मैदानावर पाळण्यांचे लोखंडी सांगाडे उतरले की सोलापुरात थंडी आली म्हणायची. आमच्याकडे ती कॅलेंडर बघून येत नाही, गड्डा बघून येते. गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची संक्रांतीची जत्रा. तिच्या आधीपासूनच नंदीध्वजाचा सराव सुरू होतो. भली उंच काठी कमरेच्या पट्ट्यात रोवून माणसं पावलं मोजत चालतात आणि पोरंटोरं मागून ओरडत जातात. लोक त्या काठीचं टोक बघतात. मी काठी धरणाऱ्याचे हात बघते. मला दुसरं काही दिसतच नाही.

परवा शाळेतून येताना मैदानाच्या कोपऱ्यावर फुगे फोडायच्या बंदुकीचा यंदाचा पहिला आवाज ऐकला. टप्प. भर दुपारी, हातात कोथिंबिरीची जुडी असताना, मी रस्त्यातच थांबले. पन्नाशीकडे झुकलेली, नववी-दहावीला मराठी शिकवणारी बाई फुग्याच्या बंदुकीला भिते हे कुणाला सांगायची सोय नाही. म्हणून लिहायला बसले.

तसा सगळा प्रकार सुरू झाला तोही फुग्यांच्याच दुकानावर. माझी मुलगी रेणू तेव्हा नऊ वर्षांची होती. बंदूक तिच्यापेक्षा लांब. तिनं ती फळीवर टेकवली, जीभ दातात धरली आणि एका ओळीतले सातही फुगे फोडले. दुकानदार म्हातारा होता, मेंदी लावलेल्या दाढीचा. त्यानं आठवा फुगा स्वतःच्या हातानं लावला, तोही फुटला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, बच्ची का हात एकदम सीदा है. इसकू सिकाओ."

हात सीधा आहे. हे ऐकून मला जो आनंद झाला तो फुग्यांचा नव्हता. मी त्या गर्दीत तिला जवळ ओढलं आणि तिच्या हाताचा मुका घेतला. ती म्हणाली, "आई, सगळे बघतायत की." बघू देत. मला एका अनोळखी माणसानं लेखी नसलं तरी तोंडी प्रमाणपत्र दिलं होतं.

कारण आमच्या घरातला हात सरळ नव्हता. माझी आई, आम्ही तिला अम्मा म्हणायचो, भवानी पेठेतल्या आमच्या खोलीत उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची. घरातली बोली तेलुगू, गल्लीतली मराठी, आणि अम्मा कामाला बसली की दोन्ही बंद. हात मांडीवर असेपर्यंत शांत असायचा. पान उचललं की थरथर सुरू. ती श्वास रोखून विडी वळायची. विडी झाली की श्वास सोडायची, आणि पुन्हा रोखायची. कारखान्यात तपासणीला तिच्या विड्या सगळ्यांत जास्त नापास व्हायच्या. मी शेजारी बसून पाढे म्हणायचे आणि तिचा श्वास ऐकायचे. अजूनही कुणी श्वास रोखला की मला ऐकू येतं.

अडतिसाव्या वर्षी माझा खडू फळ्यावर घसरला. 'निसर्ग' या शब्दातला रफार भलतीकडेच गेला. मुलं हसली, मीही हसले. पुढच्या आठवड्यात पुन्हा घसरला. त्यानंतर मी फळ्यावर लिहिणं हळूहळू बंद केलं. वर्गात फेऱ्या मारत तोंडी सांगायचं, मुलांनी वहीत उतरवून घ्यायचं. हेडमास्तरांनी माझं कौतुक केलं की बाई मुलांना लिहितं ठेवतात. घरी मी चहा कपातून प्यायचा सोडून स्टीलच्या पेल्यातून प्यायला लागले, पेला दोन्ही हातांनी धरता येतो म्हणून. रेणूचे वडील नोकरीसाठी पुण्याला, शनिवारी यायचे नि रविवारी जायचे. त्यांना वाटलं, पेला ही माझी नवी लहर असावी. संक्रांतीला तिळगूळ देताना मी मुठीतच द्यायचे, चटकन. बायका म्हणायच्या, काय घाई आहे हो. लपवायला शिकलं की माणूस फार नीटनेटकं होतं.

ज्या गड्ड्याबद्दल लिहायचं आहे तो तीन वर्षांपूर्वीचा. रेणू अकरावीत होती. फुग्यांवरून ती आता दहा मीटरच्या एअर रायफलवर आली होती. रायफल तिच्या प्रशिक्षकांनी, म्हणजे सरांनी, एका पुण्याच्या मुलीकडून जुनी मिळवून दिलेली. संक्रांतीनंतर पंधरा दिवसांनी राज्याच्या संघाची निवड होती. सर फौजेतून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. त्यांनी मला बोलावून सांगितलं होतं, "मॅडम, पोरगी जाणार." मी पेढे आणले नाहीत. मला आधीच आनंद करायची भीती वाटते.

आणि नोव्हेंबरात तिचे छर्रे खाली पडायला लागले. दहातले आठ मधोमध, दोन खाली. ओळीनं नव्हे, कधीही. सरांनी स्वतः रायफल घेऊन दहा मारले, त्यांचेही दोन इकडेतिकडे गेले. "माझ्यावर जाऊ नका, माझं वय झालंय," ते म्हणाले. "रायफल जुनी हाय. नळीखाली हवेची टाकी असती, ती हवा दरवेळी सारखीच सुटायला पायजे. आतली झडप झिजली की हवा कमीजास्त सुटती, छर्र्याचा वेग दहा-बारानं पडला तरी लक्ष्यावर एक रिंग खाली, म्हंजी एक गुण गेला. आधी वेग मोजून घ्या."

सर हे बोलत असताना मी रेणूच्या हातांकडे बघत होते. ती छर्र्यांच्या डबीचं झाकण लावत होती. झाकण एकदा कडेला लागून किणकिणलं आणि मग बसलं. एवढंच. पण मला त्या रात्री जेवण गेलं नाही. मी देवाकडे काय मागितलं ते सांगायला लाज वाटते. मी म्हटलं, रायफल खराब निघू दे.

वेग मोजायचं यंत्र निवडायचं काम माझ्या थोरल्या भावाकडे गेलं. अंबादास अण्णा टॉवेलच्या कारखान्यात जॉबर. जॉबर म्हणजे मागांचा वैद्य. कापडात दोष आला की विणकर म्हणतो माग बिघडलाय, मालक म्हणतो विणकर झोपला होता, आणि निकाल जॉबरनं द्यायचा. हात की मशीन, हे ठरवण्यात त्याची तीस वर्षं गेली. आमच्या वडिलांची, नान्नांची, दोन बोटं कारखान्यातच गेली होती. ट्यूबलाइटच्या उजेडात फिरतं चाक कधीकधी थांबल्यासारखं दिसतं, कारण ती ट्यूब डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगानं सारखी लुकलुकत असते. नान्नांना चाक थांबलेलं दिसलं आणि त्यांनी हात घातला. तेव्हापासून अण्णा प्रत्येक नव्या कामगाराला पहिल्या दिवशी बजावतो, "ट्यूबखाली डोळ्यावर इस्वास ठिवायचा न्हाई. आदी बटण बघायचं."

या अण्णानं आठवडाभर मोबाइलवर क्रोनोग्राफ नावाच्या यंत्राचा अभ्यास केला. रविवारी कडक भाकरी नि शेंगाचटणी पुढ्यात घेऊन त्यानं आम्हाला समजावलं. एक प्रकार रडारचा, रायफलशेजारी नुसता ठेवायचा. तो आपल्या आवाक्यातला नाही. दुसरा नळीच्या तोंडाला बसवायचा, त्याच्या आत स्वतःचा दिवा असतो.

"मग तोच घेऊ की मामा," रेणू म्हणाली.

"आन् जरा वाकडा बसला तर? छर्रा त्यालाच लागंल, नळीचं तोंड खराब हुईल. नगं. तिसरा बरा." तिसरा म्हणजे पुढ्यात तिकाटण्यावर ठेवायचा डबा. त्याला फूटभर अंतरावर दोन डोळे. छर्रा वरून जाताना पहिल्या डोळ्यावर सावली पडली की घड्याळ सुरू, दुसऱ्यावर पडली की बंद. "सावली मोजतंय, बग. कशाला शिवत न्हाई. लई साधं हाय."

मी लगेच हो म्हटलं. मला नळीला काही लावलेलं नको होतं, रायफलला धक्का नको होता, काहीच नको होतं. यंत्र घरी आलं तेव्हा डब्याबरोबरच्या इंग्रजी कागदावर उजेडाबद्दल दोन ओळी होत्या. अण्णाला इंग्रजी येत नाही. मला येतं. मी तो कागद घडी करून ताटाखाली ठेवला, चटणीचं तेल टेबलाला लागू नये म्हणून.

पहिल्या दिवशी आम्ही संध्याकाळी गेलो. सरांची रेंज म्हणजे शाळेच्या मैदानामागची पत्र्याची शेड, वर चार ट्यूबलाइट. अण्णानं नळीच्या तोंडापासून लक्ष्यापर्यंत पांढरा दोरा ताणला आणि दोरा बरोबर दोन्ही डोळ्यांवरून जाईल असा डबा बसवला. मागावर ताण्याचा धागा बघतो तसा तो एक डोळा मिटून बघत होता. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवलेली, म्हणजे हाताचा संबंध नको. दोरा काढला. रेणूनं चाप ओढला. आकडे दाखवणारी छोटी पाटी वायरीनं माझ्यापुढच्या टेबलावर होती. मी वाचायचं, अण्णानं वहीत लिहायचं.

"एकशे बहात्तर." सेकंदाला एवढे मीटर. सर म्हणाले, बरोबर आहे, इतकाच पाहिजे.

"दोनशे नऊ."

"आं?" सर पुढे झुकले.

"एकशे अठ्ठेचाळीस. एकशे बहात्तर. एकशे एकतीस."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आकडे नाचत होते. रायफल खराब होती! अण्णानं वही मिटून मांडीवर आपटली, "सापडला की चोर." येताना आम्ही गड्ड्यावर गेलो, उसाचा रस प्यालो, पाळण्यात बसलो. मी पाळण्यात बसत नाही. त्या दिवशी बसले, वर गेल्यावर खालचे सगळे दिवे बघितले आणि मोठ्यानं हसले. रेणू माझ्याकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. मला वाटलं, तीही खूश आहे.

रायफल पुण्याला दुरुस्तीला पाठवायची ठरली. दुरुस्तीवाल्यानं फोनवर वीस आकडे मागितले म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा शेडमध्ये गेलो. सर नव्हते, किल्ली देऊन गेले होते. दोरा, डबा, पिशव्या, सगळं पुन्हा तसंच. पहिले चार आकडे नाचले. मग लाईट गेली.

आमच्याकडे लाईट जाणं ही बातमी नाही. अण्णानं शेडचा दरवाजा सताड उघडला, दुपारचं पांढरं ऊन आत पसरलं. "डबा ब्याटरीवर हाय. चालू दे."

"एकशे बहात्तर," मी वाचलं.

"एकशे बहात्तर."

"एकशे एकाहत्तर."

"एकशे बहात्तर."

अण्णाचं पेन थांबलं. त्यानं मान वर करून विझलेल्या ट्यूबकडे बघितलं. मीही बघितलं. त्या क्षणी मला नान्नांचा डावा हात आठवला, भात कालवताना दोन बोटांच्या जागी मोकळा राहणारा. आदल्या संध्याकाळी तो आम्हा दोघांपैकी एकालाही आठवला नव्हता. डबा सावली मोजत होता आणि ट्यूबच्या लुकलुकण्यालाही तो सावलीच समजत होता. एवढं कळायला आमच्या घरात कुणाला यंत्राचा कागद वाचायची गरज नव्हती.

रेणूचा गाल रायफलवर टेकलेला, पाठ आमच्याकडे. तिनं पुढचा छर्रा मारला. "किती, आई?"

पाटीवर एकशे बहात्तर होते. स्वच्छ काळे आकडे. मी म्हटलं, "एकशे एकोणपन्नास."

अण्णानं माझ्याकडे बघितलं. ज्या माणसानं तीस वर्षांत मालकाच्या दबावाखाली एकदाही खोटा निकाल दिला नाही, त्यानं मान खाली घातली आणि वहीत १४९ लिहिलं. मी आणखी अकरा आकडे वाचले. पाच खोटे. खोटं सांगतानाही माझा आवाज वर्गातलाच होता, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. टेबलाखाली माझे दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरलेले होते.

बाहेर आल्यावर रेणू सायकल काढायला गेली तेव्हा अण्णा हळूच म्हणाला, "चेल्ली, हे बरं न्हवं." चेल्ली म्हणजे धाकटी बहीण. लहानपणानंतर त्यानं मला त्या नावानं फारसं हाकारलं नव्हतं.

"निवडीपर्यंत तरी," मी म्हटलं.

"आन् रायफल नीट हून आल्यावर? मंग बी छर्रा खालीच गेला तर कुणावर घालशील?"

भीतीला पुढचं दिसत नाही, तिला फक्त आजची संध्याकाळ निभावायची असते.

दोन दिवसांनी, भोगीच्या संध्याकाळी, मी तीळ भाजत होते. रायफल खोक्यात बांधून तयार होती, सकाळी कुरिअरवाला येणार होता. रेणू स्वयंपाकघरात आली. तिच्या हातात ती आकड्यांची पाटी होती, वायर लोंबत होती.

"आई, यात मागचे आकडे साठून राहतात. शंभरपर्यंत." तिनं बटण दाबलं आणि वाचायला लागली. एकशे बहात्तर. एकशे बहात्तर. एकशे एकाहत्तर. ती ओरडली नाही. नुसती वाचत गेली, बटण दाबायची आणि वाचायची, आणि मी झारा फिरवत राहिले. बारा आकडे. सगळे वाचून झाल्यावर तिनं पाटी ओट्यावर ठेवली.

"रायफल चांगली आहे," ती म्हणाली. "मला वाटतच होतं. कुलपात किल्ली घालताना होतं, पेन्सिलीनं रेघ मारताना होतं. नुसतं बसलं की नाही होत."

"मग यंत्र का आणू दिलंस?"

"तू किती खूश झालीस गं, सर रायफलचं म्हणाले तेव्हा. मला वाटलं, कदाचित खरंच रायफल असेल." मग तिचा आवाज बारीक झाला. "नववीत तू आमच्या वर्गावर होतीस. वर्षभर फळ्यावर एक ओळ लिहिली नाहीस. पेल्यातून चहा पितेस. मला तुझ्याकडूनच आलंय ना?"

तीळ करपल्याचा वास यायला लागला होता. मी गॅस बंद केला. आयुष्यात मला कुणी इतकं घाबरवलं नाही, जितकं त्या सोळा वर्षांच्या पोरीच्या प्रश्नानं. मी "हो" म्हटलं.

तिनं हात पुढे केला, पंजा पसरून. मी माझा तिच्या शेजारी धरला. माझा जास्त थरथरत होता, तिचा अगदी बारीक. पण लय एकच. आम्ही दोघी ते बघत उभ्या राहिलो. मग ती रडली, आणि मी तिला धरलं, आणि माझ्या मनात काय आलं तर अम्माचा हात असा कुणी कधी शेजारी हात धरून बघितला नव्हता. बाहेरून जत्रेचा भोंगा वाजत होता, हरवलेल्या कुणा मुलाचं नाव पुकारत होता.

सकाळी कुरिअरवाला परत गेला. अण्णा आला, वहीतलं ते पान फाडून त्यानं खिशात घातलं. भाचीला म्हणाला, "मामा चुकला, रेणू," आणि चहा न घेता कामाला गेला.

डॉक्टरांनी सांगितलं की हे घराण्यातून येतं, यानं जिवाला काही होत नाही. वाढेल का, किती वाढेल, कधी, हे त्यांनाही सांगता येईना. एक औषध आहे, त्यानं थरथर बरीच कमी होते. ते ऐकून मी खुर्चीत सैल झाले. संध्याकाळी सरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, ते औषध नेमबाजीत बंद हाय. हात स्थिर करतं म्हणूनच बंद हाय." रेणू उंबऱ्यात उभी होती. तिनं ऐकलं आणि बुटांच्या नाड्या बांधायला लागली.

ती राज्याच्या संघात गेली नाही. थोडक्यात राहिली. औषध तिनं घेतलं नाही, मी घेतलं. आता मी फळ्यावर लिहिते. परवा एक मुलगी म्हणाली, बाई, तुमचं अक्षर किती छान आहे. मला ते ऐकून दिवसभर चोरी केल्यासारखं वाटत राहिलं. घरी मी कपबशीतून चहा पिते आणि माझी बशी वाजत नाही. समोर रेणूची वाजते, एकदाच, मग ती थांबते, हात शांत व्हायची वाट बघते आणि कप उचलते. तीन वर्षांत तो आवाज वाढला का? मी रोज सकाळी कान देते आणि रोज मला कळत नाही.

काल शनिवार. ती म्हणाली, "आई, येतेस? दुर्बिणीवर कुणी नाही." ती शेडमध्ये सराव करताना कुणीतरी दुर्बिणीतून लक्ष्य बघून रिंग सांगायला लागतं. ती आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, निवड पुन्हा तोंडावर आली आहे. मी गेले. ट्यूब चालू होत्या. तो क्रोनोग्राफचा डबा कोपऱ्यातल्या फळीवर होता, त्यावर कुणीतरी टोपी ठेवली होती.

ती उभी राहिली. रायफल खांद्याला लावली. मला तिचा श्वास ऐकू आला, आणि तो थांबलेला ऐकू आला, अम्माचा थांबायचा तसा. टप्प.

"किती?"

"दहा."

"किती?"

"दहा."

मैदानापलीकडून नंदीध्वजाच्या सरावाचा हलगीचा आवाज येत होता. तिनं पुन्हा श्वास रोखला. या वेळी जास्त वेळ. नळीचं टोक एकदा, केसाएवढं, हललं. टप्प. मी दुर्बिणीतून बघितलं, पुन्हा एकदा बघितलं. तिनं मान वळवली नाही.

"किती, आई?"

"आठ," मी म्हटलं. "खाली."

तिनं मान हलवली आणि पुढचा छर्रा भरला.